प्रस्थानाचे तांदूळ

भय्यासाहेब फडनिसांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. असा माणूस घरात असणं किती जाचाचं असतं, हे त्यांच्या बायकोला, अहल्येला, विचारावं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, रुसता येतं, अबोला धरता येतो. भय्यासाहेब मात्र हसून म्हणायचे, “मी कुठं नाही म्हणतो? बघू ना!” आणि ते बघणं एकदा सुरू झालं की संपायचं म्हणून नाही. माजघराला खिडकी पाडायची होती, अहल्येला माहेरी धारला जाऊन यायचं होतं, मोडका झोपाळा दुरुस्त करायचा होता. सगळी घोंगडी वर्षानुवर्षं भिजत पडलेली. गोपाळ मंदिरामागच्या त्या गल्लीत पोरंसोरंसुद्धा ओळखून होती की भय्यासाहेब “मी कुठं नाही म्हणतो” म्हणाले म्हणजे काम बारगळलं.

त्यांच्या या बघण्याला पंचांगाचा मोठा आधार होता. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात हिशेब लिहायचे, आणि भय्यासाहेब आता सरकारी दप्तरखान्यात जुने कागद सांभाळायचे. बाकी सगळा वेळ पंचांगात डोकं. सबंध मुलखाचा काळ एकेकाळी आपल्या उज्जैनवरून मोजायचे, याचा त्यांना असा अभिमान होता की जणू तो त्यांनीच मोजला होता. दाढी करायची तरी ते आधी वार बघत. माणूस मात्र वाईट नव्हता हो. कधी आवाज चढवला नाही, ताटातल्याला नाव ठेवलं नाही. म्हणूनच तर अहल्येची तक्रार कुणाला खरी वाटायची नाही.

छप्पन साली त्यांची मुलगी रजनी इंटर सायन्स पास झाली आणि तिला इंदूरच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. कळल्याबरोबर भय्यासाहेबांनी पेढे वाटले. “शिकू दे, शिकू दे. मी कुठं नाही म्हणतो?” ते गल्लीभर म्हणत फिरले, आणि ते ऐकून चुलीपुढे बसलेल्या अहल्येनं ओळखलं, आता हेही बारगळणार.

तिला स्वतःचं आठवत होतं. ती धारच्या जोशांची मुलगी. मराठी शाळा संपवून मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं तिनं मनात घेतलं होतं, वडीलही होच म्हणत होते. पण ते नावाजलेले ज्योतिषी, आणि मुलीच्या शिक्षणाला त्यांना काही केल्या मुहूर्त सापडेना. लग्नाला मात्र पंधरवड्यात सापडला. तेव्हापासून ती या घरात होती, आणि या घरात दाराला आतून कडी लावून बसावं असा एक कोपराही तिला कधी मिळाला नव्हता.

रजनीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं आणि पदर खोचून ती मुलीच्या तयारीला लागली.

आता गंमत बघा. जी बाई एक दिवस एकटी राहिली नव्हती, ती मुलीला एकटं राहायला शिकवणार! पण अहल्येनं वसतिगृहाचं सबंध जग आपल्या डोक्यातून उभं केलं. फ्रीगंजात टावर चौकाजवळ जाऊन बिछाना बांधायला होल्डॉल घेतला, त्यावर रजनीचं नाव रंगवून घेतलं. लाकडं ठेवायच्या खोलीतून लाकडं हलवली आणि रजनीला तिथं एकटीला झोपायला लावलं. सकाळी हाक मारायची नाही. उठली तर चहा, नाही तर नाही. पहिले काही दिवस पोरगी बिनचहाची राहिली.

मग आली खाणावळीची तालीम. तिथं काय घरचं मिळणार आहे? म्हणून अहल्या मुद्दाम वरणात पाणी वाढवायची, एक बाजू कच्ची ठेवून पोळ्या करायची, भाजीत मीठ विसरायची. रजनी नाक मुरडायची. भय्यासाहेब तेच जेवण मुकाट्यानं जेवून वर “वा” म्हणायचे, तेव्हा अहल्येला हसावं की रडावं कळायचं नाही.

सगळ्यात अवघड धडा होता तो नाही म्हणण्याचा. दुपारी दोघी माजघरात समोरासमोर बसायच्या. अहल्या खोलीतली आगाऊ मुलगी व्हायची आणि हिंदीत सुरू करायची.

“ए रजनी, तेरी तेल की शीशी दे ना जरा.”

“घे ना,” रजनी म्हणायची.

“घे ना काय? तीनदा घेऊन गेलीये ती. आता नाही म्हण.”

“बरं, बघू.”

अहल्या अशी उसळायची, “बघू नाही! बघू म्हणायचं नाही! बघूचे काय हाल होतात ते या घरात दिसून नाही राहिले का तुला? नाही म्हण. तोंड उघडून नाही म्हण.”

रजनीला हसू फुटायचं. मग हसत हसत एकदा तिनं विचारलं, “आई, तू कधी म्हणाली आहेस गं, नाही?”

कणीक भिजवायची राहिली म्हणून अहल्या उठून गेली.

दिवस जवळ येत चालले तसं भय्यासाहेबांचं पंचांग बाहेर आलं. कॉलेज सुरू व्हायचं होतं पुढचा आठवडा संपल्यावर, आणि त्या आठवड्यात गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. इंदूर पडतं दक्षिणेला. त्याच्या आदल्या दिवशी तिथी क्षयाची, त्याच्या आदल्या दिवशी नक्षत्र जाण्यायेण्याला वर्ज्य. शुक्रवार बरा होता, पण त्या दिवसापासून रविवारपर्यंत रजनीचा चंद्र चौथा.

“घाई काय आहे?” ते गोड आवाजात म्हणाले. “दहा-पंधरा दिवसांनी गेली तर हर्ज काय? लिहून कळवू त्यांना.”

“उशिरा गेलेल्या मुलीची जागा दुसऱ्याला देऊन टाकतात, बाबा,” रजनी म्हणाली.

“बघू ना. मी कुठं नाही म्हणतो?”

रजनीचे डोळे भरले. पण अहल्या जोशांची मुलगी होती हे भय्यासाहेब विसरले होते. तिनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “मग प्रस्थान ठेवू.”

भय्यासाहेबांना पंचांगातून मान वर करावी लागली. प्रस्थान ठेवणं म्हणजे त्यांच्यासारख्यांनी मानलेली जुनीच सोय. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशानं आपलं एक वापरातलं वस्त्र, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोड्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला कुणा ओळखीच्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. मग आठवड्याच्या आत त्यानं कुठल्याही दिवशी निघावं, दोष लागत नाही. फक्त ते गाठोडं पुन्हा घरात आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला. त्याउपर जो निघेल तो अरिष्ट सोबत घेऊन निघाला. आणि प्रस्थान ठेवून जो निघालाच नाही, त्यालाही ते बाधतं.

“सोमवार चांगला आहे,” अहल्या म्हणाली. “मी पाहिलंय. देवास गेटपाशी अक्कांच्या घरी ठेवू. इथून दक्षिणेलाच पडतं ते.”

भय्यासाहेब बराच वेळ पान उलटत राहिले. त्यांच्याच पंचांगातून काढलेली वाट, तिला बंद कशी करणार? शेवटी म्हणाले, “ठेवू ना.” आणि त्यापुढे “बघू” आलं नाही. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडलं होतं.

अक्का म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. देवास गेटच्या मोटार अड्ड्याजवळ एकट्याच राहायच्या, तोंडानं फटकळ, देवधर्माचं काही मानायच्या नाहीत. त्यांची भाची मीना इंदूरला मुलींचं एक छोटं वसतिगृह चालवायची. रजनी तिथंच राहणार होती. प्रस्थानाचं सांगायला अहल्या गेली तेव्हा अक्कांनी आधी मनसोक्त टिंगल केली आणि मग खाली बसवून म्हणाल्या, “देख अहल्या, एक सांगते. मीनाला बाई पाहिजे आहे. रसोई पर नजर ठेवायला, पोरींना सांभाळायला. राहायला खोली देईल. तू चल दे ना रजनीबरोबर!”

“मी?” अहल्या म्हणाली. “आणि घर?”

“घर काय पळून चाललंय? तुझ्या भय्यासाहेबांना खिचडी येते ना? साल-छह महिने खाऊ दे खिचडी.”

अहल्या हसली आणि घरी आली. पण ते बोलणं तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. पोरीला सोबत होईल, नव्या गावात आईचा आधार बरा, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण खोटं कशाला सांगा? तिला सोबतीबिबतीचं काही नव्हतं. तिला ती खोली हवी होती. खोलीला दार असणार, दाराला आतून कडी असणार. संध्याकाळी काम संपलं की आत जाऊन ती कडी लावायची आणि कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. त्या कडीचा आवाज तिला पोळ्या लाटताना ऐकू यायला लागला.

तिनं जेवताना विषय काढला. “अक्का म्हणून राहिल्या होत्या, मीनाला बाई हवी आहे. मीही जाऊ का रजनीबरोबर? थोडे महिने?”

भय्यासाहेबांनी ताक ओतून घेतलं. “जा की. मी कुठं नाही म्हणतो? बघू.”

एरवी तिनं ताटं उचलली असती आणि विषय मिटला असता. पण या वेळी तिनं ठरवलं, चला, शब्दाला शब्द. नाही म्हणाले नाहीत ना? मग नाही नाहीच. अठरा-वीस वर्षं या वाक्यानं तिला अडवलं होतं. एकदा तरी तेच वाक्य धरून बाहेर पडायचं.

सोमवारी तिनं गाठोडी बांधली. काटकसरीची बाई, एकाच जुन्या लाल लुगड्याचे दोन तुकडे केले. एकात रजनीची ओढणी, दुसऱ्यात स्वतःची विटलेली हिरवी चोळी. दोन्हींत हळदीत माखलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड. भय्यासाहेब देवापुढे बसले होते. रजनीनं आपलं गाठोडं हातात घेतलं, अहल्येनं आपलं पदराखाली, आणि दोघी चिखल चुकवत अक्कांकडे गेल्या.

तिथं कोनाड्यात दोन गाठोडी शेजारी शेजारी बसली तेव्हा रजनीला समजलं. “आई, तूही?”

तिच्या चेहऱ्यावर आनंद आला, पण त्याआधी क्षणभर दुसरंच काहीतरी आलं होतं. पोरीलाही तिची खोली, तिची कडी हवी असणार. अहल्येला ते दिसलं आणि न दिसल्यासारखं करून ती म्हणाली, “मी खालच्या मजल्यावर राहीन. तुझ्या खोलीत डोकावायची सुद्धा नाही.”

रजनीनं तिच्या गळ्यात हात टाकले. “बाबांना सांगितलंस?”

“विचारलंय. नाही म्हणाले नाहीत.”

अक्का मोठ्यानं हसल्या. “शाबास! हे बढिया केलंस.”

दोन दिवस अहल्या घरात अशी वावरत होती की जणू पाय जमिनीला लागतच नव्हते. शनिवारी सकाळच्या मोटारीनं निघायचं ठरलं होतं. तिनं लोणच्याच्या बरण्यांवर दादरे बांधले, कुठल्या डब्यात काय ते भय्यासाहेबांना दिसेल असं मांडून ठेवलं. आणि बुधवारी भय्यासाहेब दप्तरखान्यातून वेळेआधीच घरी आले. चेहरा उतरलेला.

“भोपाळचा हुकूम आला,” ते म्हणाले.

नोव्हेंबरात नवं राज्य व्हायचं होतं. मध्यभारत जाणार, मध्यप्रदेश येणार, राजधानी भोपाळ. जुनी दप्तरं तिकडे न्यायची आणि लावायची, त्यासाठी काही माणसं आधीच पाठवायचं ठरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या उज्जैन न सोडलेल्या फडनिसांचं नाव त्यात होतं. आपण कुणाला नाही म्हटलं नाही, पण आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे त्यांना फार लागलं असावं.

“एकट्यानं तिकडे कसं व्हायचं माझं?” ते म्हणाले. “आपण सगळेच जाऊ. रजनीला तिथल्या मेडिकलमध्ये घालू. यंदा नाही तर पुढच्या साली. मी कुठं नाही म्हणतो?”

“तिचं प्रस्थान ठेवलंय,” अहल्या म्हणाली.

“ते आणलं मी.” त्यांनी काखेतली पिशवी उघडली आणि लाल गाठोडं बाहेर काढून देवापुढच्या पाटावर ठेवलं. “येताना अक्कांकडे गेलो होतो. म्हटलं, तुला परत आणायला लावायचं म्हणजे तुझ्याच जिवाला त्रास. रजनीचं गाठोडं द्या म्हणालो, अक्कांनी आतून आणून दिलं.”

रजनी दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, आणि ते बघणं अहल्येला रडण्यापेक्षा कठीण गेलं.

अहल्या पाटाकडे बघत होती. गाठोडी दोन होती आणि दोन्ही एकाच लुगड्याची. हे कुणाचं? बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आणि त्याच वेळी तिच्या मनात एक विचार येऊन गेला, ज्याची तिला मरेपर्यंत लाज वाटली. रजनीचं असू दे, असं तिच्या मनात आलं. रजनीचं असेल तर माझं अजून तिथंच आहे. क्षणभरच आलं, पण आलं.

ती पाटापाशी बसली आणि तिनं गाठ सोडली.

आत हिरवी चोळी होती.

भय्यासाहेब वाकून बघत राहिले. “हे… हे तर तुझं आहे.”

“हो.”

“तू कुठं निघाली होतीस?”

“इंदूरला. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात.”

भय्यासाहेबांच्या डोळ्यांत राग नव्हता. रस्त्यात कुणी विनाकारण थोबाडीत मारावी तसे ते बघत होते. अहल्येला त्यांची दयाही आली. पण दया करत बसायला वेळ नव्हता. ती वडिलांसारखी ताठ बसली आणि तिनं निकाल सांगितला.

“रजनीचं प्रस्थान अक्कांकडेच आहे. ते मोडलेलं नाही. ती निघालेली आहे. आता तिला थांबवलंत तर तिला बाधेल. शनिवारी तिला मोटारीत बसवावंच लागेल.”

भय्यासाहेबांनी पंचांगाकडे पाहिलं, पण उघडलं नाही. उघडून उपयोग नव्हता, आत तेच लिहिलेलं होतं. ते म्हणाले, “हो. ते खरं.” मग हलक्या आवाजात म्हणाले, “आणि तुझं?”

“माझं परत आलं,” अहल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अक्कांकडे गेली. अक्कांनी दारातच तिला धरलं. “बघ, कसं केलं! तुझं देऊन टाकलं, पोरीचं वाचवलं. तो म्हणे रजनीचं द्या, मी म्हटलं हे घ्या!” त्या खूष होत्या. मग अहल्येचा चेहरा बघून थांबल्या. “क्यों, काय झालं?”

“माझं प्रस्थान मोडलं, अक्का.”

“पगली आहेस का? चोळी आणि तांदूळ ते! तू मोटारीत बसून मोकळी हो. गाठोड्याला काय पाय आहेत तुला धरून ठेवायला?”

अक्कांना खरंच कळलं नव्हतं. जी गोष्ट त्या स्वतः मानत नव्हत्या, ती त्यांनी सहज देऊन टाकली होती. अहल्येला त्यांच्यावर रागावता येईना. तिनं समजवायचा प्रयत्न केला. मोडल्या प्रस्थानावर जो निघतो तो आपलं अरिष्ट बरोबर नेतो. एकटी असते तर नेलंही असतं. पण त्या मोटारीत शेजारी रजनी बसणार. अक्का ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, आणि अहल्येला आपलंच बोलणं ऐकून कोंडल्यासारखं होत होतं. प्रस्थानाची युक्ती काढली कुणी? तिनंच. नवऱ्याला त्याच्याच पंचांगात पकडायला निघाली होती आणि दार आपल्याच हातानं आपल्यावर लावून घेतलं होतं. खोट्या कडीला खोटं म्हणायचं धैर्य लहानपणापासून कुणी दिलं नव्हतं, आणि आता या वयात ते आणायचं कुठून?

शनिवारी सगळे देवास गेटवर आले. होल्डॉल भय्यासाहेबांनी स्वतः टपावर चढवून दिला, टपावरच्या माणसाला चार-चारदा सांगितलं की दोरी नीट बांध रे बाबा. रजनीसाठी ते पेरू घेऊन आले, पाण्याची सुरई भरून आणली. अक्कांनी रजनीचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. खिडकीतून रजनीनं शेजारची जागा दाखवली. ती रिकामी होती.

“आई, चढ,” ती म्हणाली. “अशीच चढ. कपडे मागून येतील.”

“चढ, अहल्या,” अक्का म्हणाल्या.

मोटार सुरू झाली. कंडक्टर ओरडायला लागला, “चलो इंदौर, इंदौर! बाई, बैठना है क्या?”

अहल्येनं भय्यासाहेबांकडे पाहिलं. ते धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. डोळे ओले होते. “जायचं असेल तर जा गं,” ते म्हणाले. “मी कुठं नाही म्हणतो? गाठोडं तेवढं परत आलंय, एवढंच.”

कदाचित त्या दिवशी ते मनापासून म्हणत असतील. इतक्या वर्षांत ते वाक्य एकदा तरी खरं असू शकेल. पण ओळखायचं कसं?

तिनं पायरीवर पाय ठेवला. लोखंडी पायरी गरम होती, इंजिनानं थरथरत होती. वर दोन हातांवर रजनी होती, रजनीच्या पलीकडे इंदूर होतं, तिथं ती खोली होती. फक्त दुसरा पाय उचलायचा होता. तिनं जोर लावला, खरंच लावला. मग तिला रजनीच्या शेजारी बसलेलं ते अरिष्ट दिसलं, पोरीच्या अंगाला अंग लावून बसलेलं, आणि तिनं पाय खाली घेतला.

“नाही बसणार?” कंडक्टरनं विचारलं.

तिला मान हलवता आली. रजनी खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी ओरडत होती, ते इंजिनात ऐकू आलं नाही. मोटार वळली आणि रस्त्याला लागली. अक्का आपल्या घरात निघून गेल्या.

परतताना भय्यासाहेब टांगा करू म्हणाले. टांग्यात ते बरेच मोकळे झाले. मुलगी सुखरूप गेली, बायको शेजारी बसली होती. “चांगलं झालं,” ते म्हणाले. “आता आपलं भोपाळचं बघायला हवं. हुकुमातला दिवस आपल्याला सोयीचा नाही, प्रस्थान ठेवावं लागेल. पूर्वेला कुणाचं घर आहे बरं ओळखीचं? माझं बांधशीलच. तुझं तर तयारच आहे, तेच ठेवू. दिशा तेवढी बदलायची.”



घरी आल्यावर अहल्येनं पाटावरचं गाठोडं उचललं. चोळी झटकून दोरीवर टाकली, सुपारी पानाच्या डब्यात ठेवली, हळकुंड फडताळात. तांदूळ धुवून चुलीवर चढवले. कितीही धुतले तरी हळद गेली नाही. लाल तुकड्यानं तिनं ओटा पुसून घेतला.

भय्यासाहेब जेवायला बसले. वरण नीट होतं, पोळ्या दोन्ही बाजूंनी भाजलेल्या होत्या. भात वाढला तेव्हा ते म्हणाले, “आज भात पिवळा कसा गं?”

“प्रस्थानाचे तांदूळ आहेत,” अहल्या म्हणाली. “माझे.”

त्यांचा हात पानावरच राहिला. भाताची वाफ त्यांच्या बोटांना लागत होती. “अगं, ते शिजवायचे नसतात. मग आता तुझ्या भोपाळचं कसं करायचं? येशील ना तू?”

अहल्येनं भातावर तूप वाढलं, वाटी खाली ठेवली आणि हसून म्हणाली, “मी कुठं नाही म्हणते? बघू ना.”